चहातली साखर सोडली, पण ताटातल्या भाताचं काय?

गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह! २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत हे प्रमाण देशात सर्वाधिक होतं. देशभरात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण, तर १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर, म्हणजे प्रीडायबेटिस.

खरी संधी या उंबरठ्यावरच आहे. अडचण एकच, इथे बहुतेकांना काही त्रासच होत नाही. सतत तहान, रात्री लघवीला उठणं, वजन घटणं ही लक्षणं साखर बरीच वाढल्यावर दिसतात. म्हणून तिशीनंतर तपासणी कराच. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा जास्त आलं तर पुन्हा तपासून खात्री करतात.

आपण मात्र चहातली साखर सोडतो (आणि त्यात बिस्किटं बुडवतो). भात, पोहे, साबुदाणा यांचीही शरीरात साखरच होते. भात निम्मा करून उसळ, भाजी वाढवली तर ती हळू चढते. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. उंबरठ्यावरच्या भारतीयांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बदलांनी मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला.

गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.