सर्वोत्तम जगात मोखाडा तालुका

दोस्तांनो, जव्हार-मोखाड्यावर कविता पाठवणं आता जरा थांबवा.

राग येईल, येऊ द्या. दर पावसाळ्यात आमच्याकडे त्याच ओळी येऊन पडतात. हाडांचा सापळा, आटलेलं थान, आईच्या डोळ्यांतला समुद्र. मोखाड्यातून समुद्र दिसत नाही, हे एक. दुसरं म्हणजे रडणारी कविता प्रस्थापिताला फार आवडते. रडून झालं की तो हात धुतो, जेवायला बसतो, आणि हात धुतो ते पाणी मोखाड्यातून आलेलं असतं. म्हणून या वेळी जरा हसण्याबद्दल बोलू. कसं हसायचं, कुणाला हसायचं.

हसणारा माणूस फ्रान्सचा. व्हॉल्टेअर. शाळेत तो एका ओळीपुरता भेटतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीचे विचारवंत कोण? तीन नावं, तीन मार्क, विषय खलास. त्याला आपण यष्टीत बसवून जव्हारच्या घाटानं वर नेऊ आणि बघू, आपल्या कामाचा किती आहे ते.

१ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. धरणी हलली. चर्चं भाविकांच्याच डोक्यावर कोसळली, मेणबत्त्यांनी आग लावली, मागून समुद्र आत शिरला. हजारोंनी माणसं मेली. पाद्री म्हणाले, पापाची शिक्षा. शिकलेले लोक त्याच्याही वरचढ निघाले. लायब्निट्झ नावाच्या जर्मन पंडितानं १७१० मध्येच सिद्ध करून ठेवलं होतं की देव दयाळू आहे, सर्वज्ञ आहे, तेव्हा जितकी म्हणून जगं बनवता आली असती त्यातलं हेच सगळ्यात चांगलं. म्हणजे मेलेल्यांनी समाधान मानायचं, की मेलो तर मेलो, पण सर्वोत्तम जगात मेलो.

व्हॉल्टेअर तेव्हा साठी ओलांडलेला. तरुणपणी टवाळीच्या कवितेपायी बास्तीयच्या तुरुंगात अकरा महिने काढलेला, एका सरदाराच्या नोकरांकडून भर रस्त्यात मार खाल्लेला. १७५९ मध्ये त्यानं 'कांदीद' काढलं. स्वतःचं नाव घातलं नाही, कुणा जर्मन डॉक्टरच्या पुस्तकाचं भाषांतर आहे अशी थाप ठोकून दिली. जिनिव्हात, पॅरिसात बंदी आली. पुस्तक हातोहात खपलं.

कांदीद हा साधाभोळा पोरगा आणि पँग्लॉस त्याचा मास्तर. मास्तरचा धडा एकच : जे आहे ते उत्तमच आहे. मग लढाई होते, गावं जळतात, बायकांवर बलात्कार होतात, मास्तरला गुप्तरोग होतो, त्याला फासावर लटकवतात, गुलाम करून वल्ही मारायला लावतात. मास्तर धडा सोडत नाही. लिस्बनच्या बंदरात एक भला माणूस दुसऱ्याला वाचवायला जातो आणि स्वतः बुडतो. कांदीद उडी मारायला निघतो तर पँग्लॉस त्याला अडवतो आणि सिद्ध करून देतो की हे बंदर मुळात या माणसानं इथं बुडावं म्हणूनच झालेलं आहे. आम्ही गोदीवाले हे वाचून हसलो आणि गप्प झालो. माणूस क्रेनखाली आला की चौकशीचा कागद दुसरं काय सिद्ध करतो? क्रेन ठीक होती. वायररोप ठीक होता. माणूस तिथं का उभा होता?

कादंबरीत पुढं भूकंप परत होऊ नये म्हणून माणसांना विधिपूर्वक शिक्षा देतात, जाळतात. अतिशयोक्ती वाटेल. याच पोर्तुगालनं गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चारेक वर्षं सोडली तर, धर्माचं न्यायालय चालवलं आणि खरोखरीची माणसं जाळली. व्हॉल्टेअरला फार काही रचावं लागलं नाही.

आता आपला पँग्लॉस. तो तिकडच्यापेक्षा दोनेक हजार वर्षांनी वडील. तिकडचा निदान म्हणायचा की जग सगळ्यांसाठी चांगलं आहे. आपला एवढंसुद्धा म्हणत नाही. तो म्हणतो, तू उपाशी आहेस ते मागच्या जन्मीच्या कर्मामुळं, आणि मी पोटभर जेवतोय तेही मागच्या जन्मीच्या कर्मामुळं. हिशेब चुकता. पुरावा मागच्या जन्मात, सुटका पुढच्या जन्मात, मधल्या जन्मात मुकाट काम कर. लायब्निट्झला एवढं पक्कं कुलूप करता आलं नव्हतं.

आणि कर्मविपाक जुना झाला, असं समजू नका. तो सरकारी नोकरीत लागलाय.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर मुलं मेली, तेव्हा मुंबईला पहिल्यांदा कळलं की अशी गावं आहेत. सगळा मुलुख वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांचा. जव्हार हे १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत संस्थान होतं आणि राजे मुकणे घराण्यातले, महादेव कोळी. (राजा आपल्यातला असला की भाकर आपोआप येते असं मानणाऱ्या दोस्तांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) वावर-वांगणीनंतर गाड्या आल्या, समित्या आल्या, योजना आल्या. १९९५ पासून नवसंजीवन. २०१५ पासून अमृत आहार. नावं बघा कुठून काढलीत. संजीवनी, अमृत. समुद्रमंथनात राबले दोन्ही बाजूचे, आणि अमृत वाटताना एका पंगतीला मोहिनी दाखवली. जो चोरून एक घोट प्याला त्याचं मुंडकं उडवलं. योजनेला हे नाव देणाऱ्यानं पुराण वाचलं नसेल, किंवा फार नीट वाचलं असेल.

मग मरणाचं कारण. मूल कुपोषणानं मेलं असं कागदावर क्वचितच येतं. न्यूमोनिया. कमी वजन. जंतुसंसर्ग. ताप. कागद खोटं बोलत नाही, हीच त्याची हुशारी. बुडालेला माणूसही शेवटी श्वास थांबूनच मरतो. आणि जे जिवंत आहे पण वाळतंय त्याला इंग्रजी आद्याक्षरांचं नाव. अति वाळलेलं ते सॅम, त्याहून बरं ते मॅम. अहवालात सॅम इतके, मॅम तितके. एखादा सॅम चार महिन्यांनी मॅम झाला की सुधारणा. पावसाळ्यात घरातली नागली-वरई संपली, की मॅमचा परत सॅम. यात अंगणवाडीच्या ताईला ओढू नका. ओढा ओलांडून वजनकाटा नेणारी तीच एक आहे, आणि मानधन थकतं तेही तिचंच.

सप्टेंबर २०१६ मध्ये आदिवासी विकास मंत्री मोखाड्यातल्या खोचला गेले. एक मूल मेलं होतं. संतापलेल्या लोकांनी सहाशे मुलं मेल्याचं तोंडावर सांगितलं, तेव्हा ते 'असू दे' अशा अर्थाचं बोलले, असं पेपरात छापून आलं. गदारोळ झाला. आमचं म्हणणं वेगळं आहे. त्या एका वाक्यात पँग्लॉसचं अख्खं तत्त्वज्ञान आलं आणि त्याला पुस्तक लिहावं लागलं नाही.

ऑगस्ट २०२२, स्वातंत्र्याची पंचाहत्तरी, घरोघर झेंडा. त्याच दिवसांत मोखाड्यातल्या एका पाड्यावर बाईला सातव्या महिन्यात जुळं झालं, दोन्ही पोरं गेली, आणि रक्तस्राव होत असलेल्या तिला झोळी करून चिखलातून तीनेक किलोमीटर उचलून न्यावं लागलं. पाड्याला रस्ता नव्हता. जून २०२५ मध्ये याच तालुक्यातला एक कातकरी बाप नाशिकहून मेलेलं बाळ पिशवीत घालून एसटीनं घरी आला. गाडी मिळाली नाही म्हणून. यावर हसायचं कसं, विचारता? बापावर कोण हसेल! हसायचं ते त्या शहाण्या चेहऱ्यावर, जो दुसऱ्या दिवशी सांगतो की यंत्रणा सुसज्ज आहे.

या शहाण्या चेहऱ्याचं आवडतं उत्तर एकच. आदिवासी अंधश्रद्ध आहेत हो, दवाखान्यात येत नाहीत, भगताकडे जातात. बरोबर आहे, जातात. भगत पाड्यावर असतो. रात्री दोनलाही असतो. डॉक्टर तसा असता तर भगताचा धंदा बसला असता. भगताचं समर्थन आम्ही करणार नाही, त्याच्या मंत्रानं पोर मरतं हे मरतंच. पण कागदावर खर्ची पडलेला आहार पोटात गेला असं मानणं ही कुठल्या जातीची श्रद्धा? बोहाड्याला कधी गेला असाल तर आठवा. जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्याच्या तोंडी मुखवटे घालून देव नाचवतात. गणपती येतो, सारदा येते, राक्षस येतात, शेवटी देवी महिषासुराला मारते. आख्ख्या गावाला ठाऊक असतं की मुखवट्याच्या आत कुणाचा पोरगा घामाघूम झालाय. मंत्रालयातल्या देवाच्या आत कोण आहे हे त्या गावाला अजून बघू दिलेलं नाही.

'कांदीद'मध्ये एक जागा आहे, तिथं व्हॉल्टेअर हसायचा थांबतो. सुरिनाममध्ये रस्त्याकडेला एक काळा गुलाम पडलेला, एक हात नाही, एक पाय नाही. उसाच्या घाण्यात बोट सापडलं की हात तोडतात, पळून गेला की पाय. युरोपात साखर खातात ती या भावानं, हे तो सरळ सांगतो. कांदीद पहिल्यांदा मास्तरचा धडा नाकारतो आणि रडतो. साखरेची पन्नास किलोची पोती आमच्या पाठीवरून गेलीत, म्हणून असेल, हे पान आम्हाला सोडत नाही. सुरिनाम फार लांब नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायका, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळी चुकवली तर रोज बुडत नाही आणि मुकादमाचा दंड बसत नाही. चहात दोन चमचे घालता ना?

तसं मोखाड्याचं. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. बयाणा घेतलेला असतो, माणसं पोराबाळांसकट भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आपण राहतो त्या भिंती त्यांच्या हातच्या. आणि पाणी? मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या कोचाळ्यात बांधलं, उंची १०२ मीटर, २०१४ पासून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर. पाऊस तिथं अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो. उन्हाळ्यात त्याच तालुक्यात टँकर येतो आणि बाया हंडा घेऊन रांगेत. डोंगरावर पडलेलं पाणी खाली जाणारच, असं पँग्लॉस म्हणेल. आपल्या झोपडपट्टीच्या नळालाही तेच पाणी येतं, सकाळी अर्धा तास. आपण आणि मोखाडा एकाच पाइपच्या दोन टोकांना उभे आहोत.

आता म्हाताऱ्याचीही उलटतपासणी करू, नाहीतर नवा देव बसवल्यासारखं होईल. घरच्या पाद्र्यांची सालटी काढणारा हा माणूस आपल्याकडच्या ब्राह्मणांवर मात्र लांबून फिदा होता. 'एझूर वेदम' नावाची एक पोथी १७६० मध्ये त्याच्या हाती आली. हा प्राचीन वेद, असं समजून त्यानं ती १७६१ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. पोथी निघाली बनावट, मिशनऱ्यांनी रचलेली. ज्या पाद्र्यांना तो आयुष्यभर हसला त्यांनीच त्याला वेद विकला! शिवाय पूर्वेच्या व्यापारी कंपनीत त्याचे पैसे गुंतलेले, आणि ती कंपनी माणसंही विकायची. सुरिनामच्या गुलामावर पान लिहिणारा तोच हात.

आपल्या जोतीरावांना असली भुरळ पडली नाही, कारण त्यांना ब्राह्मण लांबून बघायचा नव्हता. १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. गरोदर कुणबीण, ग्रहांची भीती घालून तिच्या घरातलं धान्य-पैसा उकळणारा जोशी, आणि मध्ये मध्ये बोलून जोशाची धोतरं फेडणारा विदूषक. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. नाकारणारच. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी मासा, कासव, डुक्कर अशा अवतारांना प्रश्न विचारून विचारून बेजार केलं आणि पुस्तक अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केलं. मुकुंदराव पाटलांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहून पोथीच्याच चालीवर गावच्या कुलकर्ण्याची पोथी लावली. सत्यशोधक जलशांतून खेडोपाडी लोक पोट धरून हसले. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये रेडिओवर सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली आहे. तेव्हा व्हॉल्टेअर वाचायचा तो शेजारच्या आळीतला मिस्तरी त्याची हत्यारं कशी परजतो ते बघायला.

'कांदीद'चा शेवट मात्र आम्हाला पटत नाही. सगळं जग पालथं घालून मंडळी एका वाडीत स्थिरावतात, आणि वाद बंद करून आपापली बाग कसायची असं ठरतं. छान. पण बागेचा सातबारा कुणाच्या नावावर? मोखाड्यात डोंगरउतारावर नागली लावणारा माणूस पिढ्यान् पिढ्या बागच कसतो आहे आणि जंगलखात्याच्या वहीत तो अतिक्रमणवाला आहे. २००६ चा वनहक्क कायदा झाला. त्यातही १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा त्यानंच सिद्ध करायचा. कागद कधी न दिलेल्यानं कागद दाखवायचा. व्हॉल्टेअरच्या मंडळींच्या वाडीत फॉरेस्टगार्ड आला नव्हता.

पुढचा अंक पावसाळ्याच्या तोंडावर निघेल. रडक्या कविता परत पाठवू, तिकीट लावलं असो नसो. आम्हाला हवाय सॅम आणि मॅम या दोन पोरांचा फार्स, योजनेच्या नावांची आरती, वजनकाट्याचं भारूड, पँग्लॉससाहेबांचा मोखाडा दौरा. भट्टीवर, गोदीत, नाक्यावर बसून लिहिलेलं चालेल. शुद्धलेखन आम्ही बघू. आकडे मात्र स्वतः तपासून लिहा, आणि मेलेल्या पोराचं नाव छापायला पाठवू नका.