दोन टनांचे ओझे आणि एका फेरीचा आकडा : जड सेडान रेस ट्रॅकवर (थ्रेड)

७ मिनिटे ७.५५ सेकंद. २०२४ च्या प्रारंभी पोर्शे कंपनीने हा आकडा जगापुढे ठेवला. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगच्या ‘नॉर्डश्लायफे’ या मार्गाची २०.८३२ किलोमीटरची एक फेरी टायकान टर्बो जीटी या विजेवर चालणाऱ्या चार दारांच्या मोटारीने एवढ्या वेळात पूर्ण केली होती. चालक होता लार्स केर्न. गाडीचे वजन सुमारे २२०० किलो, म्हणजे जवळजवळ तीन मारुती अल्टोंइतके.

अशा बातमीवर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक गट थक्क होतो. दुसरा गट नाक मुरडतो : ट्रॅक हा हलक्या, चपळ गाड्यांचा प्रांत, दोन टनांच्या घरगुती मोटारीने तेथे जाणे ही आजच्या जाहिरातयुगाची विकृती. इतिहासाच्या कसोटीवर यांतील एकही प्रतिक्रिया टिकत नाही.

आधी शब्दाविषयी. बंद टपाची, चार दारांची जी मोटार आपल्याकडे ‘सेडान’ म्हणून ओळखली जाते, तिला ब्रिटनमध्ये ‘सलून’ म्हणतात. मराठी वाचकाला सलून म्हटले की कात्री आणि वस्तरा आठवतो. सबब येथे सेडान हाच शब्द योजिला आहे.

आता वर्ष १९५२, स्थळ इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन. उत्पादित प्रवासी मोटारींच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस पहिला आला तो जग्वार मार्क सेव्हनमध्ये. ही गाडी पावणेदोन टनांची. आत कातडी आसने आणि लाकडी डॅशबोर्ड. वळणावर ती वादळातल्या गलबतासारखी कलत असे. तरीही ती जिंकली, आणि १९५६ मध्ये हिनेच मॉन्टे कार्लो रॅलीही जिंकली. सेडानच्या शर्यतीचा आरंभच असा अवजड आहे.

१९६३ मध्ये त्याच सिल्व्हरस्टोनवर जॅक सिअर्सने सात लिटर इंजिनाची अमेरिकन फोर्ड गॅलक्सी उतरवली आणि जग्वारची सद्दी एका दुपारी संपवली. त्या वर्षीचे ब्रिटिश अजिंक्यपद सिअर्सकडे गेले. पुढच्याच वर्षी मात्र ते जिम क्लार्कने इवल्याशा लोटस कॉर्टिनात मिळवले. जड आणि हलकी यांचा हा झगडा तेव्हापासून चालू आहे, आणि त्यात कायमचा विजय कोणाचाच झालेला नाही.

या परंपरेतील सर्वांत बोलके प्रकरण मर्सिडीजचे आहे. एरिश वॅक्सनबर्गर या अभियंत्याने राष्ट्रप्रमुखांच्या ‘६००’ लिमोझिनचे ६.३ लिटरचे इंजिन त्याहून लहान सेडानमध्ये बसवले, आणि १९६८ मध्ये ३०० एसईएल ६.३ ही गाडी बाजारात आली. १९६९ मध्ये तिला बेल्जियममधील स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी नेण्यात आले. सरावातच टायर त्या वजनापुढे आणि ताकदीपुढे हात टेकू लागले व कंपनीने माघार घेतली. इंजिन पुरेसे होते, चालकही पुरेसे होते. कमी पडले ते रबर.

दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर यांच्या एएमजी या तेव्हाच्या छोट्याशा कारखान्याने तीच गाडी पुन्हा स्पाला नेली. इंजिन ६.८ लिटरपर्यंत वाढवलेले, ४२८ अश्वशक्ती. वजन १६३५ किलो. तांबडा रंग आणि थोराड अंग पाहून लोकांनी तिला ‘लाल डुकरीण’ हे नाव दिले. पुढे हे नाव प्रेमाचे झाले. आरंभी त्यात उपहासच अधिक होता.

हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेन्टान्झ यांनी ती चोवीस तास चालवली आणि एकूण क्रमवारीत दुसरा क्रमांक मिळवला. पहिली आलेली फोर्ड काप्री कितीतरी हलकी होती. सरळ रस्त्यावर मर्सिडीजला तोड नव्हती. परंतु इंधन आणि टायर यांसाठी तिला पुन्हा पुन्हा थांबावे लागे. वजनाची किंमत पिटमध्ये, सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजली जात होती. ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

(त्या गाडीचा शेवटही विलक्षण आहे. नियम बदलल्यावर ती फ्रान्सच्या मात्रा कंपनीला विकली गेली आणि तिच्यावर विमानांच्या चाकांच्या चाचण्या झाल्या. धावपट्टीवर विमानाच्या वेगाने पळून चाचणीचे ओझे वाहू शकेल, अशी मोटार दुसरी कोणती असणार!)

वजन ट्रॅकवर नेमके काय करते? टायरवरचा भार दुप्पट झाला तर त्याची पकडही दुप्पट होईल, असे सहज वाटते. पण तसे घडत नाही. भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही, ती मागे पडते. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या बाजूस सरकते आणि पुढचे बाहेरचे चाक सर्वाधिक दाबले जाते. जड सेडानमध्ये ते चाक सर्वांत आधी तापते, त्याच्या कडा झिजतात आणि गाडी चालकाने सांगितले त्यापेक्षा रुंद वळू लागते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ताशी २०० वरून ८० किलोमीटरवर येताना १४३० किलोच्या मोटारीला जी ऊर्जा टाकून द्यावी लागते, तिच्यात साडेपाच लिटर थंड पाणी उकळीला येईल. २४३५ किलोच्या मोटारीच्या बाबतीत हेच पाणी सव्वानऊ लिटरांच्या पुढे, म्हणजे जवळजवळ कळशीभर होते. आणि हे एका वळणापुरते; फेरीत अशी वळणे अनेक. डिस्क तापतात, पॅडची पकड ओसरते, ब्रेक ऑईल जुने व ओलावा धरलेले असेल तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल गादीसारखे खाली जाते.

वरचे दोन आकडे उगाच घेतलेले नाहीत. १४३० किलो ही बीएमडब्ल्यूची पहिली, १९८० च्या दशकातली एम५ : २८६ अश्वशक्ती. २४३५ किलो ही २०२४ ची एम५ : बॅटरी व पेट्रोल इंजिन यांची जोडी, मिळून ७२७ अश्वशक्ती. नाव तेच, कुळ तेच, आणि चाळीस वर्षांत एक टन वाढ. अपघात-सुरक्षा, चारही चाकांना ताकद, ध्वनिरोधन आणि शेवटी बॅटरी. प्रत्येक किलोला त्याचे त्याचे समर्थन आहे. दर अश्वशक्तीमागे पूर्वी पाच किलो ओढावे लागत, आता साडेतीनहून कमी. म्हणून नवी गाडी वेगवान आहे, यात वाद नाही.

वाद आहे तो वजन दिसेनासे होण्याविषयी. आजची जड सेडान मागची चाकेही किंचित वळवते आणि लांबी लपवते. कोणत्या चाकाला किती ताकद द्यावी हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. सस्पेन्शन कलणे थोपवते. विजेची मोटार ब्रेक लावताना ऊर्जा परत बॅटरीत घेते. टायकान टर्बो जीटीत तिचे प्रमाण ४०० किलोवॉटपर्यंत जाते. हे थोर अभियांत्रिकी कर्तृत्व आहे. तरीही ताशी २०० वर पूर्ण ब्रेक लावला की २२०० किलोच्या गाडीतून पहिल्या क्षणी सुमारे १२०० किलोवॉट बाहेर पडतात. उरलेले दोन तृतीयांश अजूनही डिस्क, पॅड आणि टायर यांनीच सोसायचे.

१९७१ च्या चालकाला वजन पाठीच्या कण्यात जाणवत असे. मार्क सेव्हन कलत होती, कारण ती खरोखर पावणेदोन टनांची होती. आजच्या चालकाला गाडी हलकी वाटते आणि ती हलकी नसते. जुन्या व नव्या जड सेडानमधला मुख्य ऐतिहासिक फरक हाच आहे.

आता पुन्हा त्या आकड्याकडे. फेरीची वेळ हे एक साधन आहे, आणि साधन म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचे प्रश्न ठरलेले असतात : ते कोणी निर्माण केले, कशासाठी, आणि त्यात काय सांगायचे राहिले? बखरीला हे प्रश्न विचारणारा वाचक मोटार कंपनीच्या पत्रकापुढे मात्र भाविक होतो.

उदाहरण घरचे घेऊ. जग्वार २००८ पासून टाटा मोटर्सच्या, म्हणजे मुंबईच्या मालकीची. तिची एक्सई एसव्ही प्रोजेक्ट ८ ही ६०० अश्वशक्तीची सेडान. फक्त ३०० गाड्या बांधण्याचे ठरले होते. २०१९ मध्ये तिने नॉर्डश्लायफेवर नोंदवलेली वेळ दोन प्रकारे सांगितली जाते : ७ मिनिटे १८.३६१ सेकंद आणि ७ मिनिटे २३.१६४ सेकंद. दोन्ही खऱ्या. पहिली २०.६ किलोमीटरची, दुसरी पूर्ण २०.८३२ किलोमीटरची. जुन्या पद्धतीत प्रेक्षागारासमोरचा सुमारे दोनशे मीटरचा तुकडा मोजत नसत. तेवढ्यात जवळजवळ पाच सेकंदांचा फरक पडतो, आणि समाजमाध्यमांवर दोन गाड्यांची तुलना करणारे अनेकजण एकीची छोटी व दुसरीची मोठी फेरी खुशाल शेजारी ठेवतात.

त्याहून गमतीची गोष्ट आसनांची. प्रोजेक्ट ८ ‘ट्रॅक पॅक’सह घेतली की मागची आसने जात. टायकान टर्बो जीटी ‘वायसाख’ पॅकेजसह घेतली तरी तेच. मागे बसायला जागा नसलेल्या गाडीस जगातील सर्वांत वेगवान सेडानांत गणायचे, हा वर्गीकरणाचा मोठा सोयीस्कर प्रकार आहे. स्टर्लिंग मॉसच्या जग्वारमध्ये पाहुण्यांना बसवून घरी नेता आले असते.

शिवाय ही एकच फेरी असते. टायर नवे, बॅटरी योग्य तापमानाला आणलेली, हवा थंड, मार्ग मोकळा, चालक आयुष्य त्या वळणांवर घालवलेला. स्पाला चोवीस तासांत जे उघडे पडले, ते सात मिनिटांत उघडे पडत नाही. ताप साचायला वेळ लागतो, आणि वजनाचा हिशेब तापाच्या भाषेतच होतो.

हा वाद केवळ अभ्यासिकेतला नाही. नॉर्डश्लायफे १९२५ मध्ये आयफेलच्या गरीब डोंगराळ भागातील बेकारांना काम देण्यासाठी बांधायला घेतली गेली आणि १९२७ मध्ये खुली झाली. तेव्हापासून ती पैसे भरून सामान्य माणसानेही गाडी न्यावी असा रस्ता आहे. आजही ठरावीक दिवशी तेथे कोणीही आपली मोटार घेऊन जाऊ शकतो; घड्याळ लावून फेरी मोजण्यास त्या वेळी मनाई असते. ‘फुक्सरोरे’च्या उतारावर गाडी खोलगट तळाशी दाबली जाते आणि लगेच चढ लागतो. तेथे दोन टनांच्या गाडीत बसलेला हौशी चालक लार्स केर्नच्या आकड्यावर विश्वास ठेवून आला असेल, तर चूक फक्त त्याची म्हणता येत नाही.

या संदर्भात झाबीना श्मित्झचे स्मरण उचित ठरेल. न्यूर्बुर्ग गावात वाढलेली ही चालक १९९६ व १९९७ मध्ये तेथील २४ तासांची शर्यत जिंकली. मात्र जगाने तिला ओळखले ते ‘रिंग टॅक्सी’मुळे : बीएमडब्ल्यू एम५ मध्ये पैसे भरलेले उतारू, मागच्या आसनावरही, आणि पूर्ण वेगाची फेरी, दिवसामागून दिवस. जड सेडान ट्रॅकवर कशी चालवावी याचा याहून प्रामाणिक पुरावा सापडणे कठीण. २०२१ मध्ये तिचे निधन झाले. मार्गाच्या पहिल्या वळणास आता तिचे नाव आहे.

ती हातोटी सांगायला सोपी आहे. ब्रेक सरळ रेषेत, नेहमीपेक्षा आधी आणि ठाम लावावा. सोडताना मात्र हळूहळू सोडावा, म्हणजे वजन एकदम मागे उसळत नाही. वळणात सावकाश शिरावे, स्टिअरिंग एकदाच आणि सलग फिरवावे. तापल्यावर टायरमधली हवा फुगते, म्हणून दाब मधूनमधून तपासून कमी करावा. दोन-तीन जोरकस फेऱ्यांनंतर एक फेरी शांत, ब्रेक जवळजवळ न लावता. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवणे हानिकारक असते. यातील एकही गोष्ट गाडीचा संगणक चालकाच्या वतीने करीत नाही.

शाओमी या चिनी कंपनीने २०२५ मध्ये एक वेगळा प्रयोग केला. तिची एसयू७ अल्ट्रा ही २३०० किलोहून जड सेडान दीड हजारांहून अधिक अश्वशक्तीची. सॉफ्टवेअर बदलून कंपनीने ती ताकद सुमारे ९०० वर आणली आणि अट घातली : ठरावीक ट्रॅकवर ठरावीक वेळेत फेरी मारून दाखवा, मग उरलेली मिळेल. ग्राहक खवळले. पूर्ण ताकदीचे पैसे मोजल्यावर ती नंतर काढून घेणे हा विश्वासघात आहे, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता. कंपनीने बदल मागे घेतला.

कंपनीची पद्धत चुकली. तिने मान्य केलेली गोष्ट मात्र खरी होती. ताकद विकता येते, वजन हाताळण्याची विद्या गाडीबरोबर येत नाही, हे एका उत्पादकाने प्रथमच कृतीतून कबूल केले. त्याच कंपनीने त्याच वर्षी नॉर्डश्लायफेवर ७ मिनिटे ४.९५७ सेकंदांचा आकडा मोठ्या थाटात मिरवला. या दोन घटनांपैकी आपल्या टाइमलाइनवर कोणती अधिक फिरली, हे आठवून पाहावे.