राउटरचे दार आतून उघडते

एरच हा झाशी जिल्ह्यातील बेतवाकाठचा जुना कसबा. भक्त प्रह्लादाची कथा आपल्याच गावी घडली, असे तेथील लोक श्रद्धेने सांगतात. समजा, तेथील एखाद्या कुटुंबास घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलावयाचा आहे. राउटरवरील पत्ता फोनमध्ये लिहिला, पण सेटिंग्जचे पान काही उघडेना. आता जाणता माणूस झाशीहून येईपर्यंत थांबावयाचे काय? वाचकहो, ही अडचण आपल्यापैकी अनेकांना आली असेल. अशा वेळी यंत्र बिघडले असे वाटते; परंतु बहुधा बिघडलेले काहीच नसते.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हे पान इंटरनेटवर नसून राउटरच्याच पोटात असते. १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या तांत्रिक नियमानुसार खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून एकच पत्ता एरचच्या घरी आणि पुण्याच्या घरी सुखाने नांदतो. इंटरनेट बंद असले तरी हे पान उघडते. मात्र त्यासाठी आपण घरच्याच जाळ्यात असावे लागते.

तेव्हा फोन घरच्या वाय-फायला जोडलेला आहे ना, हे पाहून मोबाइल डेटा बंद करावा. वाय-फायवर इंटरनेट नसल्यास पुष्कळ फोन आपण होऊन मोबाइल डेटाकडे वळतात आणि पान सापडत नाही. व्हीपीएन चालू असल्यास तेही थांबवावे. पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवले असेल, तर त्यावरून हे पान सहसा उघडत नाही.

नंतर पत्ता पारखावा. सर्वच राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ नसतो, कोठे १९२.१६८.०.१, तर कोठे आणखी निराळा असतो. फोनमधील वाय-फायच्या तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या शब्दापुढे दिसेल तोच खरा पत्ता. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी अंकांनी लिहावा. शोधयंत्रात लिहिल्यास भलतीच पाने पुढे येतात. तेथे मदतीचा म्हणून दिलेल्या अनोळखी क्रमांकावर फोन करू नये. त्यातून फसवणूक होण्याचा संभव असतो.

पान उघडले, पण पासवर्ड चालेना, तर राउटरच्या तळाशी चिकटविलेली पट्टी वाचावी. वाय-फायचा पासवर्ड आणि सेटिंग्जचा पासवर्ड हे बहुधा वेगवेगळे असतात. जोडणी करणाऱ्याने तो बदलला असल्यास त्यालाच विचारावा. राउटरमागील ‘रीसेट’चे बारीक बटण घाईने दाबून धरू नये. त्याने विसरलेल्या पासवर्डाबरोबर जोडणीचे खातेनाव व इतर तपशीलही पुसले जातात आणि चालते इंटरनेट बंद पडते. हे तपशील हाती असतील, तरच शेवटचा उपाय म्हणून ते बटण वापरावे.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले साठएक पासवर्ड वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या साहाय्याने त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला झालेल्या हल्ल्यात ट्विटरसारखी मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. ती यंत्रे तुमच्याआमच्यासारख्यांचीच होती आणि मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून पान उघडताच कारखान्याचा पासवर्ड प्रथम बदलावा. नवा पासवर्ड, राउटरचा पत्ता आणि जोडणीचे खातेनाव घरच्या वहीत टिपून ठेवावे. ती वही कोठे आहे, हे घरातील निदान दोघांना तरी ठाऊक असावे.