समुद्र डोंगरापलीकडे

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी राजूरच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. भंडारदऱ्याकडे निघालेल्या गाड्या एकामागून एक थांबतात. पेढ्यांचे पुडे बांधून घेतले जातात, मुलांची भूक जागी होते आणि जेवणाचा विषय निघतो. मग कुठल्या तरी हॉटेलात हमखास प्रश्न येतो, "सुरमई आहे का हो? निदान पापलेट?"

इकडे कळसूबाई, तिकडे रतनगड, समुद्र पार घाटाखाली राहिलेला. तरी पाहुण्याला ताटात समुद्रच हवा असतो. हॉटेलवाल्यालाही संसार आहे, आलेले गिऱ्हाईक तो परत कशाला पाठवील? फ्रीजरमधला दगड झालेला तुकडा बाहेर निघतो, लाल तिखटात घोळतो आणि तेलात पडतो. पाहुणा दोन घास खातो, नाक मुरडतो आणि "इकडे जेवणाचे काही खरे नाही" असा शेरा मारून गाडीत बसतो. दोघेही नाराज. चूक कोणाची?

उत्तरासाठी थोडे दूर, गोव्यात जाऊ या. कळंगुटच्या किनाऱ्यावर 'सोझा लोबो' हे खाद्यगृह १९३२ पासून उभे आहे. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. १९६१ च्या डिसेंबरात तो संपला, पुढे हिप्पी आले आणि गेले, मग विमाने भरभरून परदेशी प्रवासी आले. किनाऱ्याचे रूप ओळखू येऊ नये इतके पालटले, तरी तिथे मासे खायला जाण्याचा लोकांचा शिरस्ता काही मोडला नाही. गोव्यातल्या अशा जुन्या जागांतून मासळीबरोबर स्टेकही मिळतो. साडेचारशे वर्षांच्या राजवटीने स्वयंपाकघरात ठेवलेली ही खूण. शेजारच्या टेबलावर मात्र मिरची आणि व्हिनेगरचा रेशाद मसाला भरलेला बांगडा असतो, आणि दोघांचे एकमेकांशी काही वाकडे नसते.

या दोन पदार्थांत एक साम्य आहे. रश्श्यात पुष्कळ काही झाकता येते. वाटण परतले, खोबरे सढळ हाताने घातले, की शिळेपणा बराचसा लपतो. तव्यावरच्या माशाला आणि विस्तवावरच्या मांसाच्या कापाला ती सोय नाही. मीठ, मिरी, थोडी आंबट चव आणि आच एवढाच काय तो आधार. माल ताजा नसेल, तर पहिल्याच घासाला समजते. म्हणून असले पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या विकणाऱ्या खाद्यगृहाचे यश निम्मे तरी सकाळच्या खरेदीत असते. मासळी कोणाकडून घ्यायची, कुठली परत पाठवायची आणि काहीच मनासारखे मिळाले नाही, तर गिऱ्हाइकाला "आज नाही" असे कसे सांगायचे, हे ज्याला कळले त्याचे दुकान टिकते.

"आज नाही" हे दोन शब्द हॉटेलच्या धंद्यात फार महाग आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. नेमक्या याच दोन महिन्यांत आपल्या वर्षासहली निघतात आणि आपण डोंगरात सुरमई मागतो!

आणि स्टेक? राजूरच्या माणसाला त्याचे नवल वाटेल आणि थोडे दुःखही. हा डांगी बैलांचा मुलूख. धो धो पावसात चिखलणीला उभा राहणारा, तेलकट कातडीचा आणि कठीण काळ्या खुरांचा हा गडी इथल्या भातशेतीचा कणा आहे. राजूरचे डांगी जनावरांचे प्रदर्शन त्याच्याच कौतुकासाठी भरते. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. पण इथे कायद्याआधी नाते येते. कळंगुटचे ताट कळंगुटला शोभते, राजूरचे राजूरला.

मग राजूरचे ताट कोणते? पावसात शेताच्या बांधावर आणि ओढ्याकाठी मिळणाऱ्या खेकड्यांचा झणझणीत रस्सा, धरणाच्या पाण्यातला मासा, नागलीची भाकरी, इथल्याच खाचरातला वासाचा भात. गंमत अशी, की या डोंगरात महादेव कोळी राहतात. पण नावावरून कोणी त्यांना मच्छीमार समजू नये. जाळे किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे. हे डोंगरातले शेतकरी. मात्र ओढा, पाऊस आणि मासा यांचे वेळापत्रक त्यांना पाठ असते. पहिल्या पुराला प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे अंड्यांनी भरलेले असतात. ते सगळेच ओरबाडले, तर पुढच्या वर्षी ओढा रिकामा. समुद्रातल्या बंदीचा अर्थ इथल्या ओढ्यालाही लागू आहे. इथेही कधी "आज नाही" ऐकून घ्यावे लागेल.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली गेले आणि तिकडे उसाचे मळे उभे राहिले. वरच्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आता पावसाबरोबर येणारा पाहुणा हा या वरच्या गावांच्या हाती लागलेला थोडासा लाभ आहे. त्याने मुंबईहून बर्फात आलेला मासा मागितला, तर त्याचा पैसा आल्या वाटेने परत जातो. त्याने खेकडे मागितले, भाकरी मागितली, तर तो पाड्यावरच्या घरात पोचतो.

जुने, नावाजलेले खाद्यगृह मालक एकटा घडवत नाही. वर्षानुवर्षे तिथे जेवणारी आणि नको ते न मागणारी माणसेही ते घडवतात. राजूरलाही उद्या असे एखादे घर उभे राहू शकेल, जिथे आजोबा जेवले म्हणून नातू जेवायला येईल. त्यासाठी आपण एवढेच करायचे. हॉटेलात शिरल्यावर "सुरमई आहे का?" हे विसरायचे, बाकावर टेकायचे, आणि विचारायचे, "आज काय आहे?"