कोरडा दिवस आणि कोरडा नळ

पावसाळा तोंडावर आला की मीरा-भाईंदरच्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर आणि दवाखान्यांच्या दारांवर आरोग्याचा उपदेश झळकू लागतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, पाणी उकळून व गाळून प्या, हात साबणाने धुवा, घराभोवती पाणी साचू देऊ नका. या उपदेशातले एकही वाक्य खोटे नाही. वैद्यकशास्त्राचा त्याला पूर्ण आधार आहे आणि प्रत्येक कार्यकर्त्याने तो स्वतःच्या घरात पाळावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो निराळाच. हा सारा उपदेश ऐकणाऱ्याने काय करावे एवढेच सांगतो. उपदेश करणाऱ्याचे कर्तव्य काय, याविषयी तो मौन पाळतो. आजार टाळण्याची जबाबदारी संपूर्णपणे घरावर, आणि घरातही स्त्रीवर, टाकून नगरव्यवस्था मोकळी होते. या मौनाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे.

डेंग्यूचे उदाहरण घेऊ. हा रोग पसरवणारी एडिस इजिप्ती या डासाची मादी गटारात नव्हे, तर स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. पिंप, बादली, गच्चीवरची उघडी टाकी, फुलदाणी, टाकून दिलेला टायर, नारळाची करवंटी ही तिची आवडती ठिकाणे. अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करण्याचा नियम सांगितला जातो. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडांना चिकटून बसतात व कोरड्या अवस्थेतही महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा पिंप आतून घासलेच पाहिजे. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी ठरत नाही. हे ज्ञान प्रत्येक घरात पोहोचले पाहिजे.

परंतु पिंप मुळात का भरले जाते? या शहराला मोठा असा स्वतःचा जलस्रोत नाही. त्याचे पाणी प्रामुख्याने उल्हास नदीच्या खोऱ्यातून, स्टेम प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्या वाहिन्यांतून दुरून आणले गेले. वाहिनी फुटली, पंप बंद पडला, दुरुस्तीसाठी शटडाउन जाहीर झाले की शहर कोरडे पडणार हे ठरलेले. इकडे लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली आणि त्यानंतरही इमारती थांबल्या नाहीत. पाण्याच्या दोन वेळांमध्ये दीड-दोन दिवसांचे अंतर पडणे हा या शहरातल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. ज्या इमारतीला जमिनीखालची मोठी टाकी व पंप आहे, तिला हे अंतर जाणवत नाही. गणेश देवल नगरातल्या किंवा काशिमिऱ्याच्या मांडवी पाड्यातल्या घरापाशी मात्र पिंपाखेरीज दुसरी टाकी नसते. पुढचे पाणी केव्हा येईल याचा भरवसा नसता भरलेले पिंप ओतून द्या असे तेथील गृहिणीला सांगणे म्हणजे तिच्या तोंडचे पाणी पळवणेच आहे. ती ते ओतत नाही, यात अज्ञान नसून साधा व्यवहार आहे. पुढे त्याच पिंपात अळ्या सापडतात आणि नोटीस तिच्या दारावर लागते. नळ कोरडा ठेवणाऱ्याच्या दारावर मात्र कुणी नोटीस लावत नाही!

पोटाच्या विकारांचीही कथा याहून वेगळी नाही. नळात चोवीस तास दाब असेल तर वाहिनीला भेग असली तरी पाणी आतून बाहेर झिरपते. पुरवठा बंद होताच दाब नाहीसा होतो आणि शेजारच्या गटारातले, साचलेल्या डबक्यातले पाणी त्याच भेगेतून आत शिरते. नळ पुन्हा सुरू झाल्यावर प्रथम येते ते हे पाणी. शुद्धीकरण केंद्रातून निघताना निर्दोष असलेले पाणी वस्तीत पोहोचेपर्यंत अतिसार, कावीळ आणि विषमज्वर यांचे वाहन होते ते असे. पेयजलाच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. ते आहे की नाही हे काही थेंब औषध टाकून रंगावरून दोन मिनिटांत पाहता येते. ही परीक्षा वस्तीच्या शेवटच्या नळावर व्हावयास हवी, कारण दोष तेथेच उघडा पडतो.

आता या आजारपणाचा हिशेब मांडू. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करणारा एक कामगार दिवसाला सहाशे रुपये मिळवतो असे गृहीत धरा. तापाने तो सात दिवस अंथरुणाला खिळला तर चार हजार दोनशे रुपयांची मजुरी बुडाली. डॉक्टर, रक्ततपासणी, सलाईन यांचा खर्च त्याहून वेगळा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट आपल्या खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, तेव्हा घट झाली हे मान्य केले पाहिजे. पण या आकड्यात बुडालेली मजुरी नाही. पाणी उकळण्यास जळालेला गॅस नाही, विकत घेतलेल्या पाण्याच्या बाटल्या नाहीत, टँकरची वर्गणी नाही, आजाऱ्यापाशी बसण्यासाठी बायकोने सोडलेले घरकाम नाही. सार्वजनिक सेवेत जी रक्कम वाचवली असे अंदाजपत्रकात दिसते, ती वस्तुतः वाचलेली नसते. ती गरिबाच्या खात्यावर नावे पडलेली असते, आणि बहुधा सावकारी व्याजासह.

अर्थशास्त्राचा आणखी एक साधा सिद्धान्त येथे लक्षात घ्यावा. माझ्या आजाराचा उपचार हा बऱ्याच अंशी माझा लाभ असतो, परंतु माझ्या घरातला डास शेजाऱ्याला चावतो. शंभरांपैकी नव्वद घरांनी पिंपे घासली आणि शेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळघरात पाणी साचलेले राहिले, तर नव्वद घरांचे श्रम वाया जातात. अशा वस्तूची तरतूद बाजार करीत नाही आणि एकटे कुटुंब करू शकत नाही. ती सार्वजनिक यंत्रणेनेच करावयाची असते.

शेजारच्या मुंबईचा इतिहास याला साक्ष आहे. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून दाखवून दिले की या रोगाचा वाहक ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास शहरातल्या विहिरींत व टाक्यांत वाढतो. विहिरी बुजवण्याचा वा झाकण्याचा उपाय पुढे येताच मालकांनी विरोध केला, धार्मिक भावनांचाही दाखला दिला. तरीही तो उपाय व्यवहारात येऊ शकत होता, कारण १८९२ पासून तानसाचे पाणी नळाने शहरात येत होते. आधी नळ आणि मग विहिरीला झाकण, असा तो क्रम होता. आपल्याकडे नळाविना झाकणाचा आग्रह चालला आहे. आणि तोच स्टिफेन्सी आज बांधकामाच्या टाक्यांत व स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात सुखाने नांदतो.

यंत्रणा मनावर घेते तेव्हा काय घडते, हे सुरतने दाखवले. १९९४ च्या प्लेगने ते शहर देशभर बदनाम झाले. १९९५ मध्ये आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून रोज रस्त्यावर उतरवले, स्वच्छतेची जबाबदारी विभागवार निश्चित केली आणि झोपडपट्ट्यांतही सोयी नेल्या. थोड्याच काळात सुरतची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली. तेथले लोक एका वर्षात अधिक सुशिक्षित झाले होते असे नव्हे. बदलले ते प्रशासन.

आपल्या महापालिकेला कायद्याने हा मार्ग मोकळा आहे, किंबहुना बंधनकारक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे ६३ वे कलम पाणीपुरवठा, मलनिःसारण, सार्वजनिक दवाखाने ही कामे अनिवार्य कर्तव्यांत घालते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने २०१३ साली पन्नास हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण ठरवले. त्यानुसार २०११ च्या लोकसंख्येलाच या शहरात सोळा पूर्ण क्षमतेची केंद्रे हवीत, आजच्या लोकसंख्येला कितीतरी अधिक. टेंभा येथे पालिकेने पंडित भीमसेन जोशी रुग्णालय उभारले आणि ते चालवणे जड जाताच राज्य शासनाकडे सोपवले. इमारत बांधणे सोपे असते, डॉक्टर, परिचारिका व औषधे वर्षानुवर्षे पुरवणे अवघड असते, एवढा धडा तरी त्यातून घ्यावा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता.

येथे आपल्याच काही कार्यकर्त्यांच्या मनातील शंकेचा विचार केला पाहिजे. व्यवस्था बदलल्याविना रोग हटणार नाहीत, मग टाक्या धुण्याची मोहीम काढणे हे निव्वळ मलमपट्टीचे काम नव्हे काय, असे ते विचारतात. ही शंका प्रामाणिक असली तरी विचारान्ती टिकत नाही. अतिसाराने कोमेजलेले मूल व्यवस्था बदलेपर्यंत थांबू शकत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आले असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले आणि पटकीचे मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. तयार पाकीट मिळाल्यास उत्तमच. मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. डेंग्यूची शंका असता ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन घेऊ नये. ताप उतरत असतानाच पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा ग्लानी दिसली तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. हे ज्ञान देणे म्हणजे संघर्षाला पर्याय देणे नव्हे. जो कार्यकर्ता वस्तीतले पिंप घासावयास मदत करतो, त्याच्याच मागे वस्ती पाण्याच्या मोर्चात उभी राहते.

म्हणून या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने चार गोष्टी हाती घ्याव्यात. नळ कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ आला याची नोंदवही वस्तीतल्या स्त्रियांच्या हातांनी लिहिली जावी. शेवटच्या नळावरील क्लोरीनची परीक्षा दर आठवड्याला लोकांसमक्ष व्हावी आणि तिचा निकाल प्रभाग कार्यालयात लागावा, ही मागणी करावी. बांधकामांवर साचलेल्या पाण्याची पाहणी घरांच्या पाहणीइतक्याच कसोशीने व्हावी. आपल्या प्रभागात आरोग्य केंद्र किती लोकांमागे आहे आणि त्यात डॉक्टर व औषधे प्रत्यक्ष किती वेळ असतात, हे मोजावे. अशा नोंदी हाती असल्या म्हणजे आयुक्तांपुढे जाणाऱ्या शिष्टमंडळाला आवाज चढवण्याची फारशी गरज उरत नाही.

शेवटी एका गोष्टीचे भान सुटता कामा नये. सूर्या प्रादेशिक योजनेत या शहराचा वाटा दररोज २१८ दशलक्ष लिटरांचा ठरला आहे. हे पाणी पालघर जिल्ह्यातल्या ज्या प्रकल्पातून यावयाचे, तो तेथील आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी उभा राहिला होता, आणि शहरांकडे पाणी वळवण्यास त्यांनी विरोध केलेला आहे. त्यांच्या शेतातून आलेला प्रत्येक थेंब उंच इमारतींच्या तरणतलावांत आणि फुटक्या वाहिन्यांत जिरणार असेल, तर त्यांचा विरोध न्याय्य ठरेल. पाणी अधिक आले म्हणजे ते आपोआप पाड्यापर्यंत पोहोचते असे नाही. वाटप समान, नियमित आणि शुद्ध असावे, ही मागणी म्हणून आरोग्याची आद्य मागणी ठरते. नळाचा भरवसा ज्या दिवशी वस्तीला येईल, त्या दिवशी कोरडा दिवस पाळा असे कुणाला सांगावे लागणार नाही. तोवर आपण पिंपही घासावे आणि पालिकेचे दारही ठोठवावे.