वजन आपले, बोल लोकांचे



आपल्या सातारा-सांगली भागात कोणी थोडा बारीक झाला, की लोकांना राहवत नाही. एस. टी. स्टँडवर, दुकानात, लग्नाच्या मांडवात, कुठेही गाठ पडू द्या, पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय रे, आजारी होतास का?" "अगं, किती वाळलीस!" "घरात जेवायला घालत नाहीत वाटतं!" कोणी 'काडीपैलवान' म्हणते, तर कोणी 'चिपाड झालास' म्हणते. चिपाड म्हणजे उसाचा रस काढून घेतल्यावर चरकातून जे कोरडे उरते ते. आपला भाग उसाचा, म्हणून चेष्टाही उसाचीच!

गंमत अशी, की हेच लोक काही महिन्यांपूर्वी त्याच मुलाला 'जाड्या' म्हणत होते. जाड असला तरी बोलणी आणि बारीक झाला तरी बोलणी. मग त्या मुलाने करावे तरी काय? माझे मत असे आहे, की आपले वजन हा चार लोकांच्या गप्पांचा विषय नाही. पण लोकांची तोंडे बंद करता येत नाहीत. म्हणून त्यांचे बोलणे कसे ऐकावे आणि त्याला कसे उत्तर द्यावे, हे आपणच शिकले पाहिजे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. असे बोलणारा प्रत्येक माणूस वाईट नसतो. साताऱ्यातील माण आणि खटाव, सांगलीतील जत आणि आटपाडी हे तालुके पूर्वीपासून दुष्काळी म्हणून ओळखले जातात. 1972 च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडायला गेली आणि तिथे मिळणाऱ्या सुकडीवर मुले जगली. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या मनात बारीक अंग म्हणजे भूक किंवा आजार, असे पक्के बसले आहे. शिवाय हा भाग तालमींचा. भरलेले अंग, रुंद छाती म्हणजे घराची शान. म्हणून ईदच्या दिवशी शेजारची दादीमाँ तुमचा हात चाचपून "हाय अल्लाह, किती वाळलास!" म्हणते आणि शिरखुर्म्याची दुसरी वाटी पुढे करते, तेव्हा तिचे शब्द टोचले तरी तिची वाटी प्रेमाची असते. ती घ्यावी आणि हसून शुक्रिया म्हणावे.

पण सगळेच बोलणे असे नसते. काही जण केवळ बोलायचे म्हणून बोलतात. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तर काही जणांना चारचौघांत कोणाला तरी हसायचे असते. माया, कुतूहल आणि टिंगल हे तीन प्रकार ओळखता आले, तर निम्मा त्रास कमी होतो. मायेला मान द्यावा, कुतूहलाला थोडक्यात उत्तर द्यावे आणि टिंगलीला स्पष्ट शब्दांत थांबवावे.

आता मी चौथा प्रकार सांगतो. तो म्हणजे स्तुती. तुम्ही म्हणाल, स्तुतीत वाईट काय? समजा, एक मुलगी टायफॉइडने पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. बरी होऊन शाळेत आली, तर मैत्रिणी म्हणतात, "वा! आता किती छान दिसतेस!" त्या मुलीच्या मनात काय येईल? 'म्हणजे मी आधी छान दिसत नव्हते. आता पुन्हा वजन वाढले तर?' मग ती आजाराने गेलेली ताकद भरून काढण्याऐवजी भाकरी अर्धी करते, दूध टाळते. वाढीच्या वयात शरीराला जे हवे असते, तेच ती त्याला देत नाही. पाहा, टोमणा ऐकून निदान राग तरी येतो. स्तुती मात्र गोड असते, म्हणून तिचा धोका लवकर कळत नाही. तेव्हा बारीक झाल्याबद्दल कोणी वाहवा केली, तर 'आभारी आहे' म्हणा, पण त्या वाहवेवर आपले जेवण ठरवू नका.

वजन हा आकडा खरोखर ज्यांच्या कामाचा असतो, त्यांच्याकडे पाहू या. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तिथे ते 52 किलोपर्यंतच्या गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी, 1952 मध्ये, हेलसिंकी येथे ते 57 किलोपर्यंतच्या गटात उतरले आणि त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तसे दुसरे पदक मिळण्यास 1996 साल उजाडावे लागले. 'पैलवान' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धिप्पाड माणूस उभा राहतो. पण देशाला हा मान मिळवून दिला तो 57 किलोच्या गटातील मल्लाने. मूर्ती लहान, पण कीर्ती महान!

दुसरे उदाहरण सांगलीचे. संकेत सरगर या तरुणाचे वडील पानाची टपरी चालवत. संकेतने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात रौप्यपदक मिळवले. त्या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक होते. त्याने एका प्रकारात 113 आणि दुसऱ्या प्रकारात 135 किलो वजन उचलले. 135 किलो म्हणजे 55 किलोच्या जवळजवळ अडीचपट! रस्त्याने जाताना अशा मुलाला कोणी सहज 'काडीपैलवान' म्हणून गेला असता. बाहेरून पाहून माणसाची ताकद कळत नाही, एवढे यावरून लक्षात घ्या.

मात्र खेळाडूंचे अनुकरण करून वजन झटपट उतरवू नका. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचली होती. 50 किलोच्या गटासाठी तिने रात्रभर खटपट केली, तरी सकाळी काट्यावर तिचे वजन 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. जिच्यामागे डॉक्टर आणि प्रशिक्षक होते, तिलासुद्धा हे इतके कठीण गेले. मग शाळकरी मुलांनी उपाशी राहून किंवा कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या आणि पावडरी खाऊन वजनाशी खेळणे किती धोक्याचे!

लोकांचे बोलणे सोडून द्यावे हे खरे, पण काही वेळा ते कानावर घेणेही जरुरीचे असते. तुमच्या वयात उंची भराभर वाढते, म्हणून अंग बारीक दिसते. रमजानच्या रोज्यांत किंवा नव्याने खेळायला लागल्यावरही वजन थोडे कमी होऊ शकते. पण काही कारण नसताना वजन उतरत चालले असेल तर सावध व्हा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी बारीक ताप आणि रात्री घाम येत असेल, तर तो क्षयरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात आणि औषधे पूर्ण घेतली तर हा रोग बरा होतो. सारखी तहान, वारंवार लघवी आणि वजनात घट ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात आणि मधुमेह मुलांनाही होतो. अशा वेळी आईवडिलांना लगेच सांगा आणि डॉक्टरांकडे जा. दहा जणांनी "आजारी आहेस का?" असे विचारले, तर रागावण्याआधी एकदा स्वतःलाही तो प्रश्न विचारा.

आता उत्तर कसे द्यावे ते पाहू. वडीलधाऱ्यांशी अदबीने बोलावे. "होय काकू, थोडे उतरले आहे. तब्येत चांगली आहे. तुम्ही कशा आहात?" एवढे पुरे. शेवटी प्रश्न विचारला, की बोलणे आपोआप दुसरीकडे वळते. सगळी हकिकत सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. आजार असेल, घरची अडचण असेल, तर ती कोणाला सांगायची हे तुम्ही ठरवावे. बरोबरीच्या मित्राला मात्र सरळ सांगावे, "माझ्या वजनावर बोलू नकोस. मला आवडत नाही." आवाज चढवू नये आणि उलट त्याच्या अंगाची चेष्टा करू नये. तो तरीही थांबला नाही, तर वर्गशिक्षकांना सांगण्यात कमीपणा नाही. आणि रात्री एखादा शब्द मनात सलत राहिला, तर तो मनात दडवून जेवण सोडू नका. आई, मोठी बहीण, शिक्षक, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांच्यापाशी बोला.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती नीट वाचा. 'ऐकू नये' असे ती म्हणत नाही. ऐकावे, पारखावे आणि मग स्वतःच्या बुद्धीने वागावे, असा तिचा अर्थ आहे.

शेवटी एक प्रश्न तुम्हालाच विचारतो. तुमच्या वर्गात सुट्टीनंतर कोणी बारीक होऊन आला, तर तुम्ही पहिले वाक्य काय बोलाल? त्याच्या घरी कोणी आजारी असेल, वडिलांचे काम सुटले असेल, तो स्वतः दवाखान्यातून उठून आला असेल. तुम्हाला ते ठाऊक नाही. मग त्याच्या अंगाकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहा आणि म्हणा, "बरे झाले आलास. तुझी आठवण येत होती." या वाक्याने कोणाचे वजन वाढत नाही की घटत नाही. पण त्याच्या मनावरचा भार मात्र नक्की हलका होतो.