मापात पाप नसतानाही शिक्षा

ब्रिटनमधील संडरलँड येथील फळविक्रेते स्टीव्हन थॉबर्न यांनी २००० साली पौंडाच्या तराजूवर केळी विकली. ग्राहकाच्या फसवणुकीचा आरोप नव्हता. तरीही तराजू जप्त झाला आणि एप्रिल २००१मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. मापात पाप नव्हते. माप जुने होते, एवढाच अपराध!

याचे सारे खापर ब्रुसेल्सवर फोडणे सोपे आहे. सुट्या मालाला मेट्रिक मापे अनिवार्य करण्यामागे युरोपीय निर्देश होता, हे खरेच. परंतु असा निर्देश केवळ साध्य ठरवितो. तेथे पोहोचण्याचा मार्ग ज्या त्या राष्ट्राने निवडायचा असतो. ही मोकळीक असतानाही ब्रिटिश व्यवस्थेने फौजदारी दंडुका उचलला. राजापेक्षा अधिक राजनिष्ठ म्हणतात ते यालाच! त्याच ब्रिटनमध्ये पिंपातील बिअर पाइंटने विकणे कायदेशीर होते आणि रस्त्यावरील अंतरे मैलांतच लिहिली जात होती. मग पौंडभर केळ्यांनीच कोणता प्रलय ओढवणार होता?

फेब्रुवारी २००२मध्ये उच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. मार्च २००४मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, थॉबर्न निवर्तले. आणि २००७ साली युरोपीय आयोगाने जाहीर केले की, मेट्रिकच्या जोडीने पौंड-औंस लिहिण्यास कालमर्यादा नको. ज्या एकरूपतेसाठी एका प्रामाणिक विक्रेत्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तिचा आग्रह खुद्द ब्रुसेल्सनेच सैल केला!

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. पुढे जुन्या मापांविषयी सरकारने अभिप्राय मागविले, तेव्हा ९८ टक्क्यांहून अधिक प्रतिसाद मेट्रिकच्या बाजूने आले. तसे २०२३च्या अखेरीस जाहीर झाले. म्हणजे वैर किलोग्रॅमशी नव्हतेच. समाज नवे माप स्वीकारतो. अपमान स्वीकारत नाही.

भारतातही १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने आली. शेर-मण मागे पडले, तरी सोने घेताना गृहिणीच्या तोंडी तोळाच येतो. त्याने राष्ट्राचे काही बिघडले नाही. परंपरा आणि परिवर्तन यांची सांगड समाज आपल्या गतीने घालत असतो. आंतरराष्ट्रीय करारांवर स्वाक्षऱ्या करणाऱ्यांनी आणि ते राबविणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे ध्यानी ठेवले पाहिजे. कायदा समाजासाठी असतो. समाज कायद्यासाठी नव्हे.